बिनछपराचा आकडा

"ताई, पोलीस आलेत. मला घेऊन चाललेत. मी काही केलेलं नाही गं."

एवढंच. फोन बंद.

ताई कॉलेजच्या संगणकशाळेत उभी होती. समोरची मुलं प्रोग्राम चालवण्यात गुंग होती. धाकट्याचा असा आवाज तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, वडील गेले तेव्हा. "आज एवढंच पुरे," ती मुलांना म्हणाली आणि पर्स घ्यायचीही विसरून जिना उतरू लागली.

धाकटा तिचा पाठचा भाऊ. डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ होता. मूत्रपिंडं निकामी झाली की माणसाच्या अंगात पाणी साठत जातं. ते यंत्र लावून काढावं लागतं. कमी काढलं तर माणूस गुदमरतो. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. धाकटा हे काम इतक्या सांभाळून करायचा की पेशंट त्याची पाळी बघून वेळ मागून घ्यायचे.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर मॅडमनी तिला समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली. केस पिकायला लागलेली, झोपेला पारखी झालेली बाई. बोलणं तोलूनमापून.

"काल दुपारी केंद्रात एक म्हातारे शिंपी मशीनवर होते. हृदय कमजोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, एका वेळी दोन लिटरच्या वर पाणी काढायचं नाही. निघालं चार लिटरच्या वर. आता ते अतिदक्षता विभागात बेशुद्ध आहेत."

"मशीन दोनवर थांबत नाही?"

"थांबतं. तिथेच तर गोम आहे. पेशंटची मर्यादा डॉक्टर मशीनमध्ये घालून ठेवतात. तंत्रज्ञानं वजन घातलं, हिशेब कितीही आला, तरी मशीन तो मर्यादेवर आणून ठेवतं. मर्यादा उठवायची एकच वाट आहे. किल्ली. ती तुमच्या भावाच्या खिशात होती."

"पण तो का उठवेल?"

"खोळंबा टाळायला. पाणी शिल्लक राहिलं की पेशंटला उद्या परत बोलवा. जागा कुठे आहे? हे दुसरीकडेही घडलंय म्हणे."

"किल्ली फिरवल्याचा पुरावा?"

"मशीनला ते आठवत नाही. पण आज दुपारी आम्ही मशीन ताब्यात घेतलं आणि कंपनीच्या तज्ज्ञाकडून आमच्यासमोर तपासून घेतलं. मशीन ठणठणीत आहे. मग उरतं कोण?"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला.

"अगं, तू इथे?"

ते सर होते. तिला प्रोग्रामिंगची बाराखडी शिकवणारे. पुढे कॉलेज सोडून ते वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचे प्रमुख झाले, एवढं तिला माहीत होतं. ते याच कंपनीत असतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"तो तुझा भाऊ?" सर मटकन बाकावर बसले. "देवा. मला माहीत असतं तर…"

"सर, तुम्ही तपासलंत? नीट?"

"अगं, माझ्या हातानं. हिशेबाचा भाग मीच लिहिलाय, आणि मीच तपासला. वजन आधी घालून पाहिलं, पाणी आधी घालून पाहिलं, मोठा आकडा घातला, छोटा घातला. दोन लिटरला मशीन अडलं म्हणजे अडलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगला वकील बघ. माझ्या ओळखीत एक आहे. मी बोलतो त्याच्याशी."

ताईला रडू फुटलं. बुडत्याला काडीचा आधार, तसा तो हात तिला वाटला.

---

धाकट्याला पाच मिनिटं भेटू दिलं. गजाआड नव्हे, एका रिकाम्या खोलीत.

"किल्ली फिरवलीस?"

"नाही."

"खरं सांग. मी तुझ्यावर ओरडणार नाही."

"ताई, मी कधीच फिरवत नाही. शिंपीकाकांच्या बाबतीत तर शक्यच नाही."

"स्क्रीनवर आकडा दिसला असेल ना?"

त्यानं आठवून पाहिलं. मग म्हणाला, "मशीन सुरू केलं आणि पलीकडच्या बाईंना उलट्या सुरू झाल्या. मी तिकडे धावलो. मशीन दोनवर आणून ठेवणार, हे गृहीतच असतं गं. रोजच ठेवतं. मी परत आलो तेव्हा काका पांढरेफटक पडले होते." त्यानं तोंड झाकलं. "काका कसे आहेत?"

"आहेत," ती म्हणाली. त्यापलीकडे तिलाही माहीत नव्हतं.

घरी आईला तिनं सांगितलं, धाकट्याला अचानक बाहेरगावी प्रशिक्षणाला पाठवलंय. आईनं विचारलं, "कपडे न घेता?" ताई नुसतीच हसली. त्या हसण्याची तिची तिलाच किळस आली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात गेली. ओळीनं मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी उंच पांढरं मशीन. एकच जागा रिकामी. मुख्य सिस्टरनी तिला पाहिलं आणि नजर चुकवली.

"सिस्टर, तुम्हाला तरी पटतं का?"

"पटत नाही. पण माझ्या पटण्याला कोण विचारतो?"

"त्या दिवशी नेहमीपेक्षा काही वेगळं घडलं होतं?"

"धावपळ होती. नेहमीच असते. आमचा वजनकाटा बिघडला होता, खालच्या मजल्यावरून दुसरा मागवला. त्या बाईंना उलट्या. आणि मग हे."

"काका बेशुद्ध पडल्यावर मशीनला कुणी हात लावला?"

"कुणी नाही. मीच कुलूप लावलं खोलीला. सकाळी कंपनीचे साहेब आले, त्यांनी लॅपटॉप जोडून नोंदी काढल्या. ते गेल्यावर दुपारी पोलीस."

"साहेब म्हणजे ते सॉफ्टवेअरचे प्रमुख? माझे सर?"

"हो, तेच. फार सज्जन माणूस. माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही, म्हणाले, या प्रसंगी घशाखाली उतरत नाही."

ताईनं मान डोलावली. सर पहिल्यापासून असेच होते.

तिथून ती रुग्णालयात गेली. अतिदक्षता विभागाबाहेर एक तरुणी बसली होती. तिच्या मांडीवर म्हाताऱ्या माणसाचा चष्मा होता. शिंप्याची मुलगी. ताईनं आपण कोण ते सांगितलं आणि त्या मुलीचा चेहरा दगड झाला.

"कशाला आलात? माफी मागायला?"

"नाही. माझ्या भावानं ते केलेलं नाही, म्हणून."

"मग कुणी केलं? मशीननं? पोलीस म्हणतात, मशीन चांगलं आहे." तिनं फोन काढून ताईच्या तोंडासमोर धरला. "हे बघा. बघा ना! मशीन लावल्यावर काढलेला फोटो आहे. माझे बाबा हसतायत. चालत गेले होते ते आत. आपल्या पायांनी."

ताईनं पाहिलं. खुर्चीत रेललेला बारीक म्हातारा, दोन बोटं वर करून हसत होता. त्याच्यामागे मशीनचा स्क्रीन. त्यावर ठळक आकडा, ४.४. पलीकडच्या खुर्चीमागचं मशीनही चौकटीत आलं होतं. त्यावर १.८ लि.

हे वाईट होतं. फार वाईट. मशीन सुरू होतानाच आकडा चार पूर्णांक चार होता. कुणाच्याही डोळ्यांना दिसेल इतका मोठा.

"हा फोटो मला पाठवाल?"

"तुमच्या भावाच्या वकिलाला? कशासाठी? त्यात तुमच्या भावाचाच गुन्हा दिसतोय."

"तरीही पाठवा. तुमच्या वडिलांचं काय झालं ते मला समजून घ्यायचंय."

मुलीनं फोटो पाठवला.

ताई रुग्णालयाच्या पायरीवर बसून तो फोटो मोठा करून करून बघत राहिली. मशीन तेच. रंग तोच. मग तिला जे खटकत होतं ते दिसलं. शेजारच्या आकड्यापुढे "लि." होतं. काकांच्या आकड्यापुढे काहीच नव्हतं. नुसता ४.४. एकक नाही. नागडा आकडा.

किल्ली फिरवल्यानं मर्यादा उठेल. पण लिटर कुठे जाईल?

---

"किल्ली फिरवली तर स्क्रीनवर काय दिसतं?" तिनं धाकट्याला विचारलं. इन्स्पेक्टर मॅडम दाराशी उभ्या होत्या.

"लाल पट्टी येते. आकडा तसाच. पुढे लि."

"लि. जातं?"

"कधीच नाही."

"काकांच्या मशीनवर गेलं होतं. आता आठव. त्या दिवशी तू आकडे कसे घातलेस? एकेक सांग."

"काय घालायचं असतं? वजन घालतो. मशीन त्यातून काकांचं कोरडं वजन वजा करतं, म्हणजे पाणी नसतानाचं. बाकी उरेल ते जास्तीचं पाणी. त्या दिवशी ३.९ होतं, कारण मधली एक पाळी चुकली होती. मग शेवटी नळ्या धुवायला जे सलाईन अंगात जातं, ते घालतो. अर्धा लिटर. मशीन बेरीज करतं."

"वजन आधी, सलाईन नंतर?"

"रोज." तो थांबला. "त्या दिवशी उलटं झालं. वजनकाटा खालून यायचा होता. हाताशी वेळ होता म्हणून सलाईन आधी घालून ठेवलं. काटा आल्यावर वजन."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि त्यानं काय फरक पडतो? बेरीज कशीही केली तरी तेवढीच ना?"

ताई उभी राहिली.

"मॅडम, ते मशीन पुन्हा तपासा. सलाईन आधी, वजन नंतर. माझ्या डोळ्यांदेखत. मशीन अडणार नाही."

"खात्री आहे?"

"माझ्या भावाच्या जिवाइतकी."

मशीन ठाण्याच्याच एका खोलीत सीलबंद होतं. सील तोडलं. आत शिंप्याची माहिती तशीच होती. इन्स्पेक्टर मॅडमनी स्वतः सलाईन घातलं, अर्धा. मग वजन.

मशीननं शिट्टी मारली. स्क्रीनवर आलं, २.० लि.

अडलं. आणि लिटरही जागच्या जागी.

"पुन्हा करा," ताई म्हणाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

इन्स्पेक्टर मॅडमनी हात झटकले. "बाई, तुमची तगमग मला कळते. पण आता पुरे."

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

"शिंपी गेले. आत्ताच." त्या ताईकडे न बघता म्हणाल्या. "आता कलम बदलणार. तुमच्या भावाला मी लगेच सांगत नाही. तसंही त्यानं अन्न सोडलंय."

---

ताई रस्त्यानं चालत राहिली. कुठे चाललोय हे तिला कळत नव्हतं. दुकानांच्या काचांत एक बाई दिसत होती, केस विस्कटलेली, ओढणी एका खांद्यावरून लोंबणारी. ती आपणच आहोत हे तिला उशिरा समजलं. तिच्या मनात पहिल्यांदाच तो विचार आला. धाकट्यानं किल्ली फिरवली असेल तर? घाईत, थकून, एकदाच? आणि आता तो स्वतःशीही खोटं बोलत असेल तर?

ती एका भिंतीला टेकून उभी राहिली.

पण फोटो? फोटो खोटं कशाला बोलेल? त्या दिवशी लिटर गेलं होतं. आज तेच मशीन, तेच आकडे, तोच क्रम, आणि लिटर जागेवर. मशीन काही पश्चात्ताप होऊन सुधारत नाही. म्हणजे त्या दिवशीचं मशीन आणि आजचं मशीन एक नाही.

मग तिच्या कानात एक वाक्य घुमलं. काल ऐकलेलं. तेव्हा आधार वाटलेलं.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डायलिसिस केंद्र होतं. तिथली मशीनं याच कंपनीची. ती रिक्षानं तिथे पोचली. तिथल्या सिस्टर धाकट्याला ओळखत होत्या, त्याच्याबरोबरच शिकलेल्या.

"एक मशीन रिकामं आहे का? पेशंट न लावता काही आकडे घालून बघायचेत."

"असं चालत नाही हो, ताई."

"माझा भाऊ जन्माचा आत जाईल."

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं मशीन चालू केलं. सुरुवातीच्या पडद्यावर सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक आला. ठाण्यातल्या मशीनवर होता तोच. सिस्टरनी खोटा पेशंट उघडला, मर्यादा दोन लिटर ठेवली. वजन आधी, सलाईन नंतर. शिट्टी. २.० लि.

"आता उलटं."

सलाईन. मग वजन.

शिट्टी नाही. लाल पट्टी नाही. स्क्रीनवर नुसता आकडा, ४.४.

सिस्टरचा हात तोंडावर गेला. पलीकडे सहा खुर्च्यांवर सहा माणसं डोळे मिटून पडली होती.

"यांना," ताईनं कसंबसं विचारलं, "यांना वजन आधी घातलं होतं ना?"

सिस्टर प्रत्येक मशीनपाशी धावल्या. लि. लि. लि. सगळीकडे लि. होतं. ताई जमिनीवरच बसली. मग तिनं इन्स्पेक्टर मॅडमना फोन लावला.

"मॅडम, आत्ता इकडे या. आणि सरांना घेऊन या. त्यांना सांगा, तज्ज्ञ म्हणून मत हवंय. दुसरं काही सांगू नका."

---

सर आले ते नेहमीसारखे शांत. कोपऱ्यातलं मशीन चालू असलेलं पाहून त्यांची पावलं क्षणभर अडखळली. इन्स्पेक्टर मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"सर," ताई म्हणाली, "काल तुम्ही मशीन तपासलंत तेव्हा पाणी, म्हणजे सलाईन, आधी घालून का पाहिलंत?"

"म्हणजे?"

"तुम्ही मला म्हणालात, वजन आधी घालून पाहिलं, पाणी आधी घालून पाहिलं."

"तपासायची पद्धतच असते ती. तूही शिकवतेस की."

"पद्धत म्हणून बाकी बरंच करता आलं असतं. वीज घालवून बघायची, नळी दाबून बघायची, किल्ली अर्धवट फिरवून बघायची. त्यातलं काहीच तुम्ही केलं नाहीत. मॅडम तिथे होत्या. तुम्ही नेमका क्रम उलटा केलात. त्या दिवशी क्रम उलटा झाला होता, हे फक्त माझ्या भावाला माहीत होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मग तुम्हाला कुठून कळलं?"



"मला नीट समजावून सांगा," इन्स्पेक्टर मॅडम ताईला म्हणाल्या. "मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही."

"सांगते. प्रोग्रामिंगच्या भाषेत साधा आकडा तयार मिळतो. त्याला बेरीज-वजाबाकी येते, बाकी काही कळत नाही. लिटर की किलो, पेशंट कोण, मर्यादा किती, काही नाही. म्हणून सरांनी त्या साध्या आकड्याच्या पोटी एक लेक जन्माला घातला. त्याचं नाव मात्रा, वर्गातही ते हेच उदाहरण द्यायचे. बापाचं सगळं त्याला आयतं मिळालं, आणि सरांनी त्याला वर दोन गोष्टी दिल्या, एकक आणि छप्पर. छप्पर म्हणजे मर्यादा. तो आकडा जाईल तिथे डोक्यावर छप्पर घेऊन जातो. कल्पना उत्तम होती, सर. खरंच उत्तम."

सरांनी डोळे मिटले.

"पण बापाकडून बेरीज आयती घेण्यात एक खोट असते. बाप बेरीज करतो ती त्याच्या पद्धतीनं. त्यातून जन्मतो तो साधाच आकडा. एकक गेलं, छप्पर गेलं. म्हणून लेकाला बेरीज स्वतःची लिहावी लागते. आणि ती एकदा लिहून भागत नाही. लेक अधिक-चिन्हाच्या डावीकडे उभा असेल तेव्हाची वेगळी, आणि डावीकडे साधा आकडा असून लेक उजवीकडे असेल तेव्हाची वेगळी. सरांनी डावीकडची लिहिली. वजाबाकी लिहिली. उजवीकडची बेरीज राहिली."

"म्हणजे वजन आधी घातलं…"

"तर डावीकडे मात्रा. बेरीज लेक करतो. छप्पर शाबूत. पण सलाईनला कशाला हवंय छप्पर? तो साधा आकडा ठेवलेला. तो आधी घातला की डावीकडे साधा आकडा आणि उजवीकडे मात्रा. लेकाकडे उजवीकडची बेरीज नाही, म्हणून बाप बेरीज करतो. उत्तर अचूक येतं, ४.४. मात्र ते पोरकं असतं. मशीननं मर्यादा शोधली, आकड्याच्या डोक्यावर ती नव्हतीच. मग थांबायचं कुठे?"

तिनं फोटो पुढे केला. "हा काकांचा आकडा. लिटर नाही, लाल पट्टीही नाही. किल्ली फिरवली असती तर लिटर राहिलं असतं आणि लाल पट्टी दिसली असती. मॅडम, आता या मशीनवर स्वतः करून बघा."

इन्स्पेक्टर मॅडमनी सलाईन घातलं, मग वजन. ४.४.

"मग ठाण्यातलं मशीन अडलं कसं?"

"कारण कुणीतरी त्यात उजवीकडची बेरीज लिहून टाकली. आवृत्तीचा क्रमांक न बदलता, म्हणजे बदल दिसू नये. काका पडले आणि खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर पोलीस येईपर्यंत त्या मशीनला एकाच माणसानं लॅपटॉप जोडला. नोंदी काढतो म्हणून." ताईचा आवाज फुटला. "आणि मग स्वतःच लावलेल्या ठिगळाची परीक्षा घ्यायचा मोह त्याला आवरला नाही. पाणी आधी घालून बघितलं. ठिगळ टिकलं. म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला."

"हे सगळे अंदाज आहेत," सर हळू म्हणाले.

"दोन्ही मशीनमधलं सॉफ्टवेअर काढून शेजारी शेजारी ठेवलं तर अंदाज राहणार नाहीत," इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या. "ते मी आजच करणार आहे. तुमच्या लॅपटॉपसकट. काही सांगायचं असेल तर आता सांगा."

सर भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बातमी आली तेव्हाच मला समजलं. मर्यादा असून चार लिटर? मी घरी बसून कोड उघडला. पाच मिनिटांत सापडलं. एवढीशी गोष्ट. मी तुम्हाला वर्गात शिकवायचो ती." ते तिच्याकडे बघू शकत नव्हते. "कंपनी बुडाली असती. सगळी मशीनं परत मागवावी लागली असती. मला वाटलं, हे एक दुरुस्त करू, बाकीची पुढच्या सर्व्हिसिंगला गुपचूप करू. तंत्रज्ञावर फार तर निष्काळजीपणाचा ठपका येईल, सुटेल तो. तो तुझा भाऊ आहे हे मला खरंच…"

"दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर चाललं असतं?"

सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"सर, तुमची चूक मी माफ केली असती," ताई म्हणाली. "असली चूक माझ्याही हातून होईल. पण तुम्हाला भोक सापडलं होतं. आणि त्यानंतर तुम्ही या सगळ्यांना," तिनं खुर्च्यांवरच्या माणसांकडे हात केला, "त्याच भोकाखाली झोपू दिलंत. काटा कुठेही बिघडतो, सर. कुठल्याही केंद्रात. आत्ता, या क्षणी, अशी किती मशीनं चालू आहेत?"



इन्स्पेक्टर मॅडमनी सरांसमोर फोन ठेवला. "केंद्रांची नावं सांगा. एकूण एक. अटक नंतर करते. आधी फोन."

मग सुरू झाले फोन. सर नंबर सांगत होते, मॅडमचे शिपाई लावत होते, सिस्टर एकच वाक्य परत परत बोलत होत्या. "आकड्यापुढे लिटर दिसतंय का बघा. नसेल तर मशीन ताबडतोब थांबवा." होय, दिसतंय. दिसतंय. थांबा, बघतो. दिसतंय. एका केंद्रात कुणी फोनच उचलेना. शिपायानं पुन्हा लावला, पुन्हा लावला. अखेर एक तरुण आवाज आला, वैतागलेला. मग तो आवाज एकदम बारीक झाला. "नाहीये. लिटर नाहीये. मॅडम, इथे लिटर नाहीये!"

"थांबव!" सिस्टर आणि ताई एकदमच ओरडल्या.

पलीकडे धावपळ ऐकू आली. मग एक जाड, चिडलेला आवाज. पेशंटचा असावा. "काय चाललंय काय? झोपूही देत नाही तुम्ही लोक!"

ताई हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना.

---

धाकट्याला सोडायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. कागदपत्रं, सह्या, वकील. तो ठाण्याच्या दारातून बाहेर आला तेव्हा दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. उन्हानं त्यानं डोळे बारीक केले. ताईनं त्याला मिठी मारली. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा उभा राहिला.

"मशीनचा दोष होता ना? मॅडमनी सांगितलं. तू शोधलास म्हणे."

"हो."

"म्हणजे माझ्या हातून नाही झालं."

"तुझ्या हातून नाही झालं."

त्यानं मोठा श्वास घेतला. चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. "घरी नंतर जाऊ. आधी रुग्णालयात चल. काकांना बघून येऊ. शुद्धीवर आले का?"

ताईनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

सगळे प्रश्न विचारून झाले होते, सगळी उत्तरं मिळाली होती. हे एक तेवढं राहिलं होतं, आणि ते तिलाच द्यायचं होतं. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं.

तो रडला नाही. पायरीवर बसला. रस्त्यानं एक बस गेली, तिच्यामागून दुसरी. तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

"त्यांना मुलीशिवाय कुणी नाही," तो अखेर म्हणाला. "ती एकटीच असेल का गं?"

"एकटीच आहे."

"तिला कुणी सांगितलं का? खरं काय झालं ते?"

"अजून नाही."

धाकटा गुडघ्यांवर हात टेकून उठला. ताईनं त्याचा दंड धरला.

"मग चल," तो म्हणाला. "पेपरातून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळू दे."

आणि दोघं उन्हात चालू लागली.